करपलेली काहील

दर हंगामात मी ऊस ज्या गुऱ्हाळावर नेतो, तिथल्या म्हाताऱ्या गुळव्याचं तोंड फार खराब. पाण्यात बुडवलेली बोटं सरळ उकळत्या पाकात घालून तो पाक बघतो आणि त्याच दमात साऱ्या गड्यांना शिव्या घालतो. पाकाची भलीमोठी कढई, म्हणजे काहील, चुलीवरून उतरायला जरा उशीर झाला की त्याचा जीव वरखाली होतो.

यंदा माझा पाक तयार झाला. गड्यांनी काहिलीच्या कड्यांना हात घातला. त्यांतला एक गेल्या हंगामात पाक अंगावर उडून भाजला होता, आज पहिल्यांदाच परतला होता. वाफ तोंडावर येताच तो थरथरत खाली बसला.

"थांबा," गुळव्या म्हणाला. "ह्याच्याबिगर काहील उतरायची न्हाई."

आणि त्या गड्याशेजारी जाऊन बसला, पाठीवर हात ठेवून. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं. करपल्याचा वास सुटला.

"आवं, माझा गूळ जळतोय," मी म्हणालो.

"जळू द्या, मालक. ह्यो आज असाच घरी गेला, तर परत न्हाई यायचा."

तो काळा गूळ सांगलीच्या सौद्यात कुणी हातात धरला नसता.

पुढच्या काहिलीला त्या गड्यानं सगळ्यांच्या आधी कडं धरलं. गुळव्यानं त्याला ठेवणीतली शिवी हासडली, तेव्हा कुठं तो हसला.