सोळावी पुस्तिका

आमची शेजारीण डार्लीन शाळेची बस चालवते, पण तिच्या तोंडाला ब्रेक नाही. तिची मुलगी टेसा व्हीलचेअरवर असते, म्हणून आमच्या ओहायोतल्या शाळेत तिच्या सोयींसाठी वर्षातून दोनदा मीटिंग होते. समोर शाळेचे सात जण, इकडे डार्लीन आणि तिला आवरायला मी. दर वेळी ते पालकांच्या हक्कांची जाडजूड पुस्तिका देतात, मिळाल्याची सही घेतात आणि मग "नाही" म्हणतात.

या वेळी मागणी एकच होती. वर्गातलं टेबल दोन बोटं ठेंगणं, टेसाची खुर्ची आत जातच नाही.

"यंदा निधी नाही हो," मुख्याध्यापक हॅगर्टीसाहेबांनी सवयीने पुस्तिका पुढे सरकवली.

"ही सोळावी," डार्लीन म्हणाली. "एवढीच कमी होती."

ती तडक टेसाच्या वर्गात गेली, आम्ही सगळे मागोमाग. मला टेबल उचलायला लावून तिने पिशवीतल्या पंधरा आणि हातातली एक अशा पुस्तिका चारही पायांखाली चार-चार सारल्या. टेसा झोकात आत शिरली.

"अहो बाई, त्यात कायदा आहे!" साहेब ओरडले.

"माहीत आहे की," डार्लीन म्हणाली. "आठ वर्षांत आज पहिल्यांदा माझ्या पोरीला त्याचा उपयोग झाला."