चावी भरली!

घड्याळजीच्या बायकोला किस्से शोधावे लागत नाहीत, बंद घड्याळांबरोबर तेच दारात येतात! आमचं दुकान भंडाऱ्यात, घराच्याच ओसरीत. पोळ्या लाटता लाटता मला सगळं ऐकू यायचं.

*

अड्याळच्या एक काकू गजराचं घड्याळ पदराखाली धरून आल्या. "दादा, घडी मेली जी!"

"चावी देली होती का?"

"कशी देऊ? घरी सुतक हाय! तुम्ही द्या, तुमच्याकडं कुठं सुतक हाय?"

यांनी चावी दिली.

*

एकदा मी विचारलं, "अहो, गुंडाळलेली स्प्रिंग एकदम का नाही सुटत?"

यांनी उघडं घड्याळ पुढे धरलं. "हा आकडा पाहा. चाकाचा एकेक दात अडवतो, एकेक सोडतो. तोच टिकटिक आवाज. हा नसता तर दिवसभराची चावी फर्रकन संपली असती!"

"म्हणजे संसारच की!"

"हो. आणि आकडा तू!"

*

मग सेलची घड्याळं आली. चिखल्याच्या खाणीतल्या एकानं पहिलं आणलं. यांनी भिंग लावून कितीतरी वेळ पाहिलं.

"अरे, यात स्प्रिंगच नाही!"

"चावीच नाही लागत न भाऊ."

"मग माझ्याकडं काहून आणलं?"

"बंद पडलं न!"

*

हळूहळू गिऱ्हाईक आटलं. हे दिवसभर रिकाम्या टेबलावर फडकं फिरवत बसायचे. "बंद करून टाकू," म्हणायचे. दुकानासाठी मी सोळा सोमवार धरले. पहिल्याच सोमवारी, पूजा आटोपते न आटोपते तोच ओसरीत हाक! मी मनातल्या मनात महादेवाला हात जोडले.

"भाऊ, सेल कुठं भेटते?"

तरी मी व्रत मोडलं नाही.

*

कारध्याचे डोमाजी म्हातारे. बोटांत जोर नाही, म्हणून रोज सकाळी नदी ओलांडून मनगटी घड्याळाला यांच्याकडून चावी भरून घ्यायला यायचे. पोरानं त्यांना नवं, सेलचं घड्याळ घेऊन दिलं. तरी दुसऱ्या दिवशी डोमाजी हजर!

"द्या जी चावी."

चावीच्या घड्याळात स्प्रिंग आवळत जाते ती बोटाला कळते. इथे नुसतीच गरगर! यांनी सावकाश फिरवली, कानाशी धरली. "भरली डोमाजी. उद्या या."

मी चहा घेऊन पायरीपाशी गेले. डोमाजी वाकून हळूच म्हणाले, "सूनबाई, घडी सेलवाली हाय, मले मालूम हाय. मालकाले सांगू नोको माय. मंग सकाळी दुकान कायले उघडन?"