नाउमच्या नातवाचं भाषण

मंदाकिनी वैरागडे यांनी नागपूरच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. नवरा गेल्यावर मुलगा निहार त्यांना कॅनडात व्हिटबीला घेऊन आला, तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. निहार आणि सून अवंतिका सकाळीच मार्कहॅमला ऑफिसला निघायचे. नात श्रावणी शाळेतून आली की "हाय आजी" म्हणून जिना चढायची, ती जेवायलाच खाली. तिला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत आणि एका शब्दात. एवढ्या मोठ्या घरात बाईंशी बोलायला कुणी नव्हतं.

सप्टेंबरात एकदा फिरायला निघाल्या असताना त्यांना भरताच्या वांग्यासारखा खरपूस वास आला. वासाच्या मागे गेल्या, तर तिसऱ्या घराच्या उघड्या गॅरेजमध्ये एक उंच, पाठीत वाकलेला म्हातारा शेगडीवर लाल ढोबळ्या मिरच्या भाजत बसला होता. त्यानं काही न विचारता स्टूल पुढे सरकवलं. त्याचं नाव रिस्तो, मूळचा मॅसेडोनियन. वय शहाऐंशी. बायको वारलेली, मुलगी एलेना तिकडे लांब कनाटा नावाच्या गावात टेलिकॉममध्ये.

"तुम्ही देशात काय करत होतात?" त्यानं विचारलं.

"शिकवत होते. इतिहास."

त्यानं चिमटा खाली ठेवला. "उचितेल्का!" म्हणाला. त्याच्या भाषेत मास्तरीणबाई. तेव्हापासून तो त्यांना त्याच नावानं हाक मारायला लागला.

त्याचं इंग्रजी अडतीस वर्षं बेकरीत पाव भाजताना शिकलेलं, बाईंचं पाठ्यपुस्तकातलं. तरी दोघांचं जमलं. रोज चहाच्या वेळी बाई जायच्या आणि रिस्तो आपल्या आज्याची गोष्ट सांगायचा.

आज्याचं नाव नाउम. ब्रेस्तोवो नावाच्या डोंगरातल्या गावात तो शाळामास्तर होता. राज्य तुर्की सुलतानाचं. दिवसा मुलांना बाराखडी शिकवायची आणि पोरं घरी गेली की त्यांच्या बापांकडून बंडाच्या शपथा घ्यायच्या, असं त्यानं सहा वर्षं केलं. एकोणीसशे तीन साली ऑगस्टात, इलिंडनच्या सणाला, सगळ्या मुलखात बंड उठलं. नाउम साठ माणसांचा वोयवोदा, म्हणजे म्होरक्या, झाला. अकरा दिवस त्यांनी खोरं धरून ठेवलं. मग फौज आली, तिनं गाव जाळलं. नाउम चार वर्षं डोंगरात लपून राहिला आणि शेवटी एका मेंढवाड्यात वेढला जाऊन गोळीला बळी पडला. त्याचा मिशाळ, काडतुसांचे पट्टे घातलेला फोटो टोरांटोत त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये लावलेला होता. दर ऑगस्टला इलिंडनच्या पिकनिकला नातू या नात्यानं रिस्तो भाषण करायचा. एक्केचाळीस वर्षं सलग.

बाईंना हे ओळखीचं वाटलं. असे किती धडे त्यांनी शिकवले होते, किती टिपा लिहून घेतल्या होत्या.

फेब्रुवारीत, निहारनं रिस्तोच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्यानं काढून दिला त्या दिवशी, बाई नेहमीसारख्या गेल्या. रिस्तोनं चहा ओतला, पण कप उचलला नाही.

"उचितेल्का, मी तुम्हाला अर्धंच सांगितलं."

मग त्यानं स्पीरोचं नाव घेतलं. स्पीरो खेचरांवर मीठ लादून खालच्या शहरातून आणायचा. बंडाआधी पिठाच्या गिरणीत लपवलेल्या बंदुका पकडल्या गेल्या, आणि त्याच दिवशी स्पीरो शहरात गेला होता. फितूर तोच, असं ठरलं. नाउमनं हुकूम दिला, गिरणीमागे त्याला गोळी घातली. दोन वर्षांनी कळलं की फितूर दुसराच होता. स्पीरो बाळंत बायकोसाठी औषध आणायला गेला होता.

"नाउमनं काय केलं मग?"

"शपथ घेतली. स्पीरोची मुलगी माझ्या घरात सून होऊन येईल, म्हणाला. ती आली. ती माझी आई." रिस्तो टेबलाकडे बघत होता. "बापाला मारणाऱ्याच्या फोटोखाली तिनं सगळा जन्म भाकऱ्या भाजल्या."

अठ्ठेचाळीस साली तिकडे यादवी लढाई पेटली तेव्हा गावातल्या पोरांना चालत सरहद्दीपार पाठवलं. रिस्तो दहा वर्षांचा होता. सकाळी त्याच्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता आई म्हणाली, "तुझ्या आज्यानं माझ्या बापाला मारलं. तो निर्दोष होता. एवढं लोकांना सांग." ती पुन्हा कधी भेटली नाही. परतीचा रस्ता बंद झाला. पुढे ती वारली, त्याचं पत्रही त्याला आठ महिन्यांनी मिळालं.

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही. भाषणं केली."

त्या वर्षीचं भाषण बाईंनी लिहून द्यायचं ठरलं. नव्या पिढीला कळावं म्हणून इंग्रजीत. चार वेळा त्यांनी ते नव्यानं लिहिलं. शेवटी दोन पानं झाली, मोठ्या अक्षरात, एकही विशेषण न घालता.

ऑगस्टात निहारनं दोघांना पार्कात सोडलं. कोकरू भाजलं जात होतं, पोरं फुगे घेऊन पळत होती. रिस्तो माइकसमोर उभा राहिला. खिशातून ती दोन पानं काढली. "माझ्या आज्यानं एका निर्दोष माणसाला मारलं. तो माझ्या आईचा बाप होता," हे वाक्य त्यानं दोनदा वाचलं. पुढच्या रांगेतली एक बाई हसत हसत फोनवर व्हिडिओ काढत होती. भाषण संपलं आणि दरवर्षीसारख्याच टाळ्या पडल्या. लगेच बँड सुरू झाला.

पिकनिक भरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी बोरिस धावत आला, त्यानं मिठी मारली. "दरवर्षी रडवता तुम्ही!"

"मी काय बोललो ते ऐकलंस?" रिस्तोनं विचारलं.

"ऐकलं ना. स्पीरो. तुर्कांनी मारलेला हुतात्मा. नवीन फलक करतोय, त्याचंही नाव घालू."

"तुर्कांनी नाही मारलं!"

पण बँडच्या आवाजात बोरिसनं नुसती मान हलवली, आणि कुणीतरी बोलावलं म्हणून गेला. स्पीरोला कुणी मारलं ते बाईंनी नंतर त्याला ईमेलनं कळवलं. तीन ओळींचं आभाराचं उत्तर आलं.

परत येताना गाडीत रिस्तो फक्त एवढंच म्हणाला, "मी फार उशीर केला, उचितेल्का. ज्यांना राग आला असता, ती माणसं मरून गेली."

त्या सप्टेंबरात त्यानं मिरच्या भाजल्या नाहीत. बाई जायच्या, तो झोपलेला असायचा किंवा झोपल्यासारखा. नोव्हेंबरात वॉशरूममध्ये पडला, आणि हॉस्पिटलमधून घरी आलाच नाही.

चर्चमध्ये पाद्रीनं थोर वोयवोदाचा नातू म्हणून त्याचा गौरव केला. नंतर पार्किंगमध्ये बाई एलेनाला भेटल्या आणि ती दोन पानं पुढे केली. तिनं वाऱ्यात उभं राहून सगळं वाचलं.

"बाबा मला कधीच बोलले नाहीत हे."

"त्यांना सांगायचं होतं."

एलेनानं गाडीकडे पाहिलं. तिचा मुलगा आत बसला होता. "त्याचं नाव नाउम आहे," ती म्हणाली. "मी काय सांगू त्याला?" तिनं पानं घडी करून बाईंच्या हातात परत ठेवली. "प्लीज, तुमच्याकडेच राहू द्या."

फलक पुढच्या ऑगस्टात लागला. निहारला सुट्टी नव्हती, म्हणून बाई गो ट्रेननं, म्हणजे तिकडच्या लोकलनं, आणि मग दोन बस बदलून एकट्या गेल्या. पितळी पट्टीवर दोन नावं शेजारी शेजारी होती, नाउम आणि स्पीरो, आणि खाली कोरलं होतं: शत्रूच्या हातून वीरमरण. लोक पुढे येऊन फुलं ठेवत होते, फोटो काढत होते.

एका तरुणीनं अदबीनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कुटुंबातल्या का?"

"नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि मागून येणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून बाजूला सरकल्या.