साडीच्या तुकड्याखालचा कीबोर्ड

बंद पडलेला कंप्युटर सुरू करण्यात अमरावतीत माझा हात धरणारा कोणी नव्हता. धरत त्या फक्त टायपिंगवाल्या बाई, अन तेही मी आणखी काही मोडायच्या आत तो बाजूले करायसाठी.

बाईचं नाव सईदा, माहेर अचलपूर. पण नावानं त्याईले पोस्टमन सोडून कोणी ओळखत नव्हतं. साऱ्याईच्या त्या टायपिंगवाल्या बाई. टाइप करतानी बाईची नजर कुठंबी असे, कीबोर्डावर नसे. खिडकीतून शेजारणीले भाजीची रीत सांगून राहिल्या, अन खाली बोटं मराठीचं पान उमटवून राहिली, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. आधी टाइपरायटर होते, मंग कंप्युटर आले, पण बाईची शिस्त तीच. दर कीबोर्डावर जुन्या साडीचा एक तुकडा. त्याचं वरचं टोक मॉनिटरच्या पायाले बांधलेलं. शिकायले येणाऱ्या बायकांनी हात त्याच्या खाली घालायचे अन कागदाकडं पाहून टाइप करायचं. "बोटं घरी ठेव," बाई म्हणत. बोटाची जी बसायची जागा, ते त्याचं घर. "घरून निघालं बोट, काम केलं, परत घरी. पाहायचं काय त्याच्यात?"

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो असं सांगतो. गेलो खरा, पण गुरुजीच्या घरचं पाणी भरायले. नंतर जिनिंगमध्ये गाठी उचलल्या. कापसाचे दिवस फिरले, जिनिंग बंद पडलं, अन चाळिशीत मी बाईकडं उचलठेवीले लागलो. त्याच वर्षांत गावोगावच्या बायका बाईकडं येऊन राहिल्या होत्या. वावरावर भरोसा उरला नव्हता. घरातल्या एकाच्या तरी हातात दुसरं काही असावं, असं साऱ्याईले वाटे. सुनंदा तर चांदूर बाजारकडून रोज एसटीनं येत होती, नवऱ्यानं तोंड वाकडं केलं तरी.

मशीन सहा. सहाही अकोल्याच्या भंगार बाजारातले, एसटीच्या टपावर टाकून मीच आणलेले. त्याईच्यात नवं काही टाकलं की ते मान टाकत. मंग बाईनं एका मासिकासंगं फुकट आलेल्या सीडीतून लिनक्स टाकलं, जुनं मशीनबी चालवणारी प्रणाली. त्याच्यावर पेंग्विनचं चित्र होतं. मी बायकांले सांगितलं, हे थंड देशातलं हाय, याले पंखा लावून ठेवा. तीन दिवस लावला होता. बाईले समजलं तवा पंखा माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "तू घाल वारा. त्याले नाही, मले."

काही बिघडलं तर बाई मशीनले हात लावत नव्हत्या. आधी एकच विचारत, "शेवटचा हात कोणाचा?" अन साऱ्या बायका माझ्याकडं पाहत. एकदा कीबोर्ड मुका झाला. मी माऊसची हिरवी पिन कीबोर्डाच्या जांभळ्या भोकात ठोकली होती, चपलेनं. एकदा कीबोर्डावरचे दिवे लपलप करून राहिले. मले वाटलं काहीतरी मंगल झालं. बाई म्हणाल्या, "घाबरला तो. दिवे असे उघडझाप करून राहिले म्हणजे त्याचं डोकं बंद पडलं. तुझ्याले दिवे नाहीत, नाही तर आमाले कळलं असतं."

मंग त्या उन्हाळ्यात बाईनं एक नवीन तक्रार सुरू केली. "नामदेव, पडदा अंधारून राहिला." मी उजेडाचं बटन फिरवलं. "अजून." अजून फिरवलं. अक्षरं पांढरी फटक पडली, तरी त्या म्हणाल्या, "अजून." मी वायर बदलली, मॉनिटर पुसला, खिडकीले पुठ्ठा लावला. बाईले अंधार दिसे, मले उजेड. मी म्हटलं, बाई शिकलेल्या हायेत, त्याईले दिसतो तो अंधार मले काय दिसणार.

अशात दवाखान्याचं काम चालून आलं. एका मोठ्या धर्मादाय दवाखान्याले आपले जुने हातानं लिहिलेले केसपेपर मराठीत टाइप करून पाहिजे होते. वर्षभराचं काम. त्याईचे साहेब मंगळवारी अकरा वाजता येणार, सहा मशीनवरच्या सहाही बायकांचा हात पाहणार, पसंत पडला तर तिथंच होकार. सुनंदानं घरी सांगून ठेवलं होतं, मंगळवारी काम मिळालं तर ठीक, नाही तर बुधवारपासून येणं बंद.

मराठी फक्त पहिल्या मशीनवर उमटत होती. म्हणून मी ठरवलं, पहिल्या मशीनले नवरदेव करायचं.

रविवारी कोणी नसतानी मी त्या कीबोर्डाच्या साऱ्या कळा उपटल्या अन बादलीत कपड्याच्या साबणात टाकल्या. धुतल्या, वाळवल्या, मंग लावायले बसलो. आता इथं माझी विद्या आडवी आली. सुनंदानं महिनाभर खपून मले एबीसीडी शिकवली होती, पूर्ण, झेडपर्यंत. मी शेजारचे कीबोर्ड पाहिले तर त्याईच्यावर सारी अक्षरं विस्कटलेली. क्यूनंतर डब्ल्यू. मी म्हटलं, बनवणाऱ्यानं पिऊन बनवलं दिसते. अन मी ए पासून झेड पर्यंत ओळीनं कळा बसवल्या. काही उंच झाल्या, काही बुटक्या, पण क्रमात. साऱ्या शहरात तो एकच कीबोर्ड बरोबर होता. वरून साडीचा तुकडा बांधला, अन शाबासकीची वाट पाहत बसलो.

सोमवारी बाई त्याच्यावर बसल्या. चार ओळी टाइप केल्या, मधातच थांबल्या, मंग परत टाइप करत राहिल्या. शब्द नाही. सुनंदा बसली तवा म्हणाली, "बाई, आज बोटं घरी बसून नाही राहिली."

"बसव," बाई म्हणाल्या.

मले वाईट वाटलं. एवढं केलं, कोणी तुकडा उचलून पाहिलंबी नाही. त्याच नाराजीत मी दुसरं काम काढलं. बाईच्या अंधाराचा कायमचा बंदोबस्त. मंगळवारी सकाळी भंगारवाला गाडा घेऊन आला, तवा पहिल्या मशीनचा मोठा मॉनिटर मी त्याले दिला अन बदल्यात लहानसा, चमकदार काचेचा घेतला. जोडला. सुरू करून पाहायचं राहिलं, कारण दारात साहेब आले होते.

साहेब सडपातळ, हातात फाईल, नजर घड्याळावर. बायका भिंतीले लागून उभ्या. बाईनं मशीनचं बटन दाबलं. मशीन घरघरलं. पडदा काळा. त्याच्या मधात एक छोटी चौकट इकडून तिकडं फिरून राहिली, अन तिच्यात दोन इंग्रजी शब्द. सुनंदानं वाचले अन तिचा चेहरा उतरला. "बाई, चित्र हद्दीच्या बाहेर गेलं म्हणते."

बाई माझ्याकडं वळल्या. "शेवटचा हात कोणाचा?"

मी सांगितलं. बाकी पाच मॉनिटरही त्याच लहान मापाचे होते, अन मोठा तर गाड्यावर बसून इतवारा बाजाराकडं गेला होता. मशीन मोठं चित्र पाठवून राहिलं होतं, अन त्या लहानग्याले ते पेलत नव्हतं.

साहेब म्हणाले, "मला साडेबाराला अकोल्याला निघायचंय. होत नसेल तर राहू द्या. तिथेही एक संस्था आहे."

"दहा मिनिटं बसा साहेब," बाई म्हणाल्या. "नामदेव, चहा सांग, अन तिथंच थांब." पण मी गेलो नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. साडीच्या तुकड्याखाली हात घातले. लहान मॉनिटरवर हे मशीन पहिल्यांदा चाललं होतं, त्या दिवसाच्या सेटिंगची नक्कल त्याईनं मशीनमध्येच ठेवली होती. ती बिघडलेल्याच्या जागी टाकायची अन मशीन परत सुरू करायचं. पण ते लिहून सांगावं लागे, अन लिहिलेलं दिसायले पडदाच नव्हता. एक अक्षर चुकलं तर चुकलं हेही कळणार नव्हतं. बाईनं आधी नाव टाइप केलं. मंग परवलीचा शब्द. मंग ओळी. खोलीत फक्त कळांचा आवाज. सुनंदा पदराचं टोक पिळून राहिली होती. एका जागी बाई थांबल्या, बोटं उचलली, परत घरी ठेवली, अन ती ओळ पहिल्यापासून टाइप केली. शेवटची कळ दाबली, अन मशीनचा आवाज बंद झाला. मले वाटलं गेलं. मंग ते परत घरघरलं.

फिरती चौकट गेली. पेंग्विन आला, त्याच्या मागून अक्षरं आली, अन सारा पडदा उजेडानं भरून गेला. साहेबांनी चष्मा सारखा केला. बायकांचा श्वास सुटला.

अन त्या उजेडाच्या समोर, हातभर अंतरावर बसलेल्या बाईनं मान वळवली अन हळूच मले विचारलं, "आलं का, नामदेव?"

तीन महिने मी मॉनिटरची बटनं फिरवून राहिलो होतो. बिघाड तिथं नव्हताच.

"आलं, बाई," मी म्हटलं. "साजरं आलं."

त्याईनं माझ्याकडं पाहिलं, म्हणजे माझ्या आवाजाकडं. मले समजलं हे त्याईले समजलं. "मंग बसव पोरींले," त्या म्हणाल्या.

सुनंदा पहिली बसली. साहेबांनी एक केसपेपर तिच्यासमोर ठेवला, अन कुतूहल म्हणून साडीचा तुकडा उचलला. अन तसेच उभे राहिले. "हे काय? ही अक्षरं अशी कोणी लावली?"

मी पुढं झालो. इतक्या दिवसांनी कोणी विचारलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "राहू द्या साहेब. कीबोर्डाकडं पाहायची कोणाले सवय असली तर तुटून जाते."

साहेब हसले. तुकडा सोडला. सुनंदाची बोटं सुरू झाली. एकामागून एक सहाही बसल्या. कळांची टोपणंच तेवढी हलली होती, खालून अक्षर पहिलंच उमटे; त्याईले काय फरक पडणार, त्याईनं तो कीबोर्ड कधी पाहिलाच नव्हता. शेवटी साहेबांनी साऱ्याईचे कागद बाईच्या पुढं धरले. "तपासून सही करा. पुढेही तपासणार तुम्हीच ना?"

बाईनं कागद घेतले नाहीत. "मी शिकवते," त्या म्हणाल्या. "तपासणार सुनंदा. तिची नजर पक्की हाय."

साहेबांनी एकदा बाईकडं पाहिलं, एकदा सुनंदाकडं, अन पेन सुनंदाच्या हातात दिला.

ते गेल्यावर मी बाईले म्हटलं, "डॉक्टर."

"आता जाऊ. आधी गेली असती तर मशीनसमोर कोण बसलं असतं? तू?"

काळा मोतीबिंदू होता, म्हणजे काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आधी यायले पाहिजे होतं. जेवढी नजर गेली तेवढी परत येत नाही, अन गेली बरीच होती. दिवाळीनंतर बाई भावाकडं अचलपूरले गेल्या. मशीन सुनंदाच्या हवाली केले. मले विचारलं नाही, हे बरोबरच केलं.

वर्षानं मी एसटीनं अचलपूरले गेलो. संगं तो कीबोर्ड नेला. सुनंदानं नवीन घेतला होता, म्हणून हा मी आठवण म्हणून उचलला. बाई अंगणात खाटेवर बसल्या होत्या, भावाच्या नातीले मांडीवर बोटं आपटून टाइप शिकवून राहिल्या होत्या. मी कीबोर्ड त्याईच्या मांडीवर ठेवला. त्याईची बोटं आपसुक घरी गेली.

मी फुशारकी मारली. म्हटलं, "बाई, साऱ्या अमरावतीत तुमचं कोणाले समजलं नाही. एकट्या मले समजलं. पण माझा कीबोर्ड तुमाले दोन दिवस समजला नाही, हे कबूल करा."

बाईनं एक बोट पुढं केलं अन एका कळेवर ठेवलं. "बोटाले घर सापडावं म्हणून एफवर एक बारीक रेघ असते. जेवर असते. सोमवारी बोट टेकवलं, अन रेघ लागली नाही. तीस सेकंदात समजलं कोण्या गाढवानं हात घातला ते."

मी विचारलं, "तर मंग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तर तू दुरुस्त करायले बसला असता," बाई म्हणाल्या. "उलट्या कीबोर्डावर माझ्या पोरी पास होतात, नामदेव. तू दुरुस्त केलेल्यावर नाही."