अक्काला दिलेला शब्द

चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून मी चहा ठेवत होतो, तेव्हा फोन वाजला. अक्काची मुलगी होती. रडत नव्हती.

"फादर, माय गई," एवढंच म्हणाली. मग थोडं थांबून, "लवकर या. पण गाडी नाल्याच्या अलीकडेच ठेवा. गावात आणू नका."

मी गॅस बंद केला. अक्का गेल्याच्या दुःखापेक्षा 'गाडी गावात आणू नका' या वाक्याची भीती मोठी होती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे.

चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं छोटंसं चर्च आणि त्याला लागून सिस्टरांचा दवाखाना आहे. मी मूळचा वसईचा. इथं येऊन बरीच वर्षं झाली. इथली बोली मला पूर्ण कळते, बोलायला गेलो की मात्र बायका तोंडाला पदर लावून हसतात. अक्का सगळ्यांत जास्त हसायची. क्षयाच्या औषधांसाठी ती प्रथम दवाखान्यात आली. बरी झाल्यावरही येत राहिली आणि मागच्या बाकावर बसून नुसतं ऐकायची. काही वर्षं अशीच गेल्यावर एक दिवस मला म्हणाली, मलाही पाणी द्या. म्हणजे ख्रिस्ती होण्याचा स्नानसंस्कार. मी तिला लगेच दिला नाही. घरी विचार, मुलाशी बोल, घाई करू नकोस, असं सांगत तिला वर्षभर थांबवलं. ती थांबली. तिच्याबरोबर तिची मुलगीही चर्चमध्ये आली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती आणि भावाच्या घराला लागूनच दोघी मायलेकींचं झोपडं होतं. मुलगा मात्र आला नाही. त्यानं आईला अडवलंही नाही.

शेवटच्या आजारात मी तिला ख्रिस्तप्रसाद आणि पवित्र तेल घेऊन भेटलो होतो. तिनं माझं मनगट धरलं. हातात जोर नव्हता, पण सोडेचना. मला तुमच्या चर्चच्या आवारातल्या मातीत ठेवायचं आणि वर तुम्हीच प्रार्थना म्हणायची, असं ती म्हणाली. मी म्हणालो, "येईन, अक्का." धर्मगुरू अशी वाक्यं दिवसाला कितीतरी उच्चारतो. येईन, करू, काळजी करू नका. त्यातल्या एखाद्याची वसुली कधी होईल याचा विचार आपण करत नाही.

त्या भागातली हवा मागच्या काही महिन्यांत पालटली होती. धर्मांतराच्या नावानं मोबाइलवर काय काय फिरत होतं. गावोगाव बैठका झाल्या होत्या. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या बायका आता औषधाची पिशवी पदराखाली लपवून नेत होत्या. मी प्रवचनात 'भिऊ नका' असं सांगत होतो.

मोटारसायकल काढली. पिशवीत प्रार्थनेचं पुस्तक, गळ्यात घालायचा जांभळा पट्टा आणि पवित्र जलाची बाटली होती. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचे दिवस. सकाळीच झळा लागत होत्या. केळीच्या बागांमधून रस्ता जातो तोवर थोडा गारवा असतो, पुढे बागा संपतात, कपाशी निघालेली उघडी पऱ्हाटीची रानं लागतात आणि मग नुसते दगड. नाल्याच्या अलीकडे मी गाडी उभी केली. पण सांगितल्याप्रमाणे चालत पुढे जाण्याआधीच नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसलेली चार-पाच माणसं उठली.

"कोठे चालनात?" एकानं विचारलं.

"अक्काच्या घरी. मयताला."

"थैलीमा काय शे?"

मी पिशवी उघडून दाखवली. त्यातल्या एका तरुणानं गाडीची किल्ली काढून खिशात टाकली आणि दुसऱ्यानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. "सांगा, कोणाला बाटवायला चाललात?" तो शुद्ध मराठीत म्हणाला. मला तोंड उघडता येईना.  धर्मासाठी प्राण दिलेल्या रक्तसाक्षी संतांच्या कथा मी मुलांना किती रंगवून सांगितल्या आहेत! त्या क्षणी त्यातलं काहीही आठवलं नाही. फक्त पाणी हवंसं वाटत होतं.

तेवढ्यात पोलीस पाटील आले. साठीचे, शांत गृहस्थ. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी किल्ली परत मागितली नाही, फक्त म्हणाले, "मयताला आलेल्या माणसाला अडवायचं नसतं रे," आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला घेऊन निघाले. चालताना हळूच बोलले, "फादर, घोळ मोठा आहे. अक्काची पोरगी मुडदा उचलू देत नाही."

अंगणात गाव जमलं होतं.  खाटेवर अक्काला ठेवलं होतं आणि तिच्या बोटांत जपमाळ गुंडाळली होती. उशाशी मुलगी बसली होती, खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरून. समोरच्या बाजूला तिचा भाऊ उभा होता. त्याच्या मागे भावकीतली माणसं. तिरडी बांधून तयार होती.

मला पाहून मुलगी म्हणाली, "आता फादर आले. आता माय चर्चला जाईल."

भाऊ माझ्याकडे वळला. त्याचे डोळे लाल होते. आवाज चढवला नाही त्यानं.

"माय मनी शे, फादर. तुमनी नही."

 तो पुढे बोलत राहिला. ती रक्त ओकत होती तेव्हा खाटेवर घालून दवाखान्यात तिला कुणी आणली? त्यानं. औषध सिस्टरांनी दिलं, ते तो नाकारत नव्हता. पुढे तिनं घरातल्या देवापुढे हात जोडायचं सोडलं, तेव्हा भावकीनं त्याला काय काय ऐकवलं. तो तिला एक शब्द बोलला नाही. "जिवंत होती तोवर तिच्या मनासारखं झालं," तो म्हणाला. "आता अग्नी तरी माझ्या हातानं देऊ द्या."

मग त्यानं मला बाजूला, गोठ्याच्या सावलीत नेलं. तिथं त्यानं उरलेलं सांगितलं. आखाजीनंतर त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. सासरच्यांचा निरोप सकाळीच आला होता. फादरनं मयत नेलं, तर सोयरीक मोडली असं समजा. "बठ्ठा गाव पाही ऱ्हायना," सगळं गाव बघतंय, असं तो म्हणाला. "माझी पोर घरात बसेल, फादर. आजीपायी."

मी परत अंगणात आलो. ऊन डोक्यावर चढत होतं आणि मयत फार वेळ ठेवण्यासारखं नव्हतं. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर होत्या. मोबाइलवाला तरुण भिंतीवर चढून चित्रण करत होता.

माझ्या मनात दोन गोष्टी एकमेकींना भिडल्या होत्या. एक अशी, की अक्काला जे संस्कार द्यायचे ते जिवंतपणीच दिलेले आहेत, तिचा आत्मा देवाच्या हातात आहे आणि चितेवर गेल्यानं तो हातातून निसटत नाही. आमचा धर्मही दहनाला आता मनाई करत नाही. एका गरीब पोरीचं लग्न मोडून मी कोणत्या प्रभूची सेवा करणार? दुसरी गोष्ट अशी, की मेलेल्या बाईची इच्छा ही तिची इच्छा होती. ती जिवंतपणी कुणाला घाबरली नाही, आणि आता तिच्या नावानं मी घाबरणार? जमावापुढे मान तुकवायची आणि त्याला प्रेम, क्षमा, समजूतदारपणा अशी नावं द्यायची, हे फार सोपं असतं. आमच्याकडे तर त्यासाठी वचनंही तयार असतात.

मी माघार घेत होतो ती प्रेमापोटी की भीतीपोटी? तेव्हा मला कळलं नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

मी मुलीजवळ जमिनीवर बसलो.

"भावाला अग्नी देऊ दे," मी म्हणालो. "मी इथंच थांबतो. शेवटपर्यंत चालत येतो."

"आणि प्रार्थना?"

"मनात म्हणेन."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तुमी तिले शब्द दिधा व्हता."

"हो."

"मनात म्हणायचा दिला होता?"

 मी मान खाली घातली. अंगणात कुणीतरी 'चला, उचला' म्हणालं. माणसं पुढे सरकली. मला वाटलं, आता ओढाताण होणार, खाट कलंडणार, आणि पुढे काय होईल ते देवच जाणे.

मुलीनं खाटेचा पाय सोडला आणि ती उभी राहिली. पदर डोक्यावरून घेतला आणि खणखणीत आवाजात प्रभूची प्रार्थना म्हणायला लागली. आमच्या पुस्तकातल्या मराठीत नव्हे, तिच्या बोलीत. तिला वाचता येत नाही. दर रविवारी ऐकून तिनं ती आपल्या भाषेत करून घेतली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. 'आमची रोजची भाकर' या ओळीत भाकरीच्या जागी ती 'दादर' म्हणाली, म्हणजे इथली ज्वारी.

भिंतीवरचा तरुण खाली उडी मारून पुढे आला. "ए, बंद कर ते!" त्यानं हात उगारला की नुसता पुढे केला, मला सांगता येत नाही. मी उठायच्या आतच भाऊ मधे उभा राहिला होता.

"बोलू दे तिले," तो म्हणाला. "लेक शे ती."

तरुण म्हणाला, "पण दादा, तुम्हीच तर सांगितलं होतं..."

"फादरला नको सांगितलं होतं. लेकीला कोण नाही म्हणणार? माय तिचीबी शे."

कुणी पुढे आलं नाही, कुणी मागेही सरलं नाही. ती म्हणत राहिली. माझे ओठ तिच्याबरोबर हलत होते, आवाज मात्र माझा नव्हता. मधे एकदा ती अडखळली. जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, त्या ओळीपाशी. पुढचं तिला आठवत नव्हतं की म्हणवत नव्हतं, मला माहीत नाही. मला ती ओळ तिला सांगता आली असती, दोनच शब्द होते. मी सांगितले नाहीत. तिनं स्वतःच श्वास घेतला आणि प्रार्थना पूर्ण केली. आमेन म्हणणारी ती एकटीच होती.

मग भावानं आईच्या बोटांना हात लावला. मला वाटलं, जपमाळ काढून टाकतो. त्यानं फक्त सैल झालेला वेढा नीट केला आणि वर साडीचा पदर ओढून घेतला. तिरडी उचलली गेली. मी सगळ्यांच्या मागे चालत राहिलो. नदीकाठी त्यांच्या रीतीनं सगळं झालं. चिता पेटली तेव्हा मी बाभळीखाली उभा होतो, पिशवी तशीच खांद्याला, पुस्तक न उघडलेलं. आबांनी किल्ली आणून हातात दिली आणि म्हणाले, "आता उजेड आहे तोवर निघा."

मुलगी बायकांबरोबर अंगणातच थांबली होती. जाताना तिच्यापाशी गेलो. ती म्हणाली, "जा तुमी आते." बस, एवढंच.

पुढच्या रविवारी ती मिस्सेला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. त्या दरम्यान मी जळगावला एका म्हाताऱ्या धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला गेलो. ते आता निवृत्त आहेत, कानाला यंत्र लावतात. त्यांना सगळं सांगितलं. विचारलं, मी भ्यालो का? त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "भ्यालास, आणि मायाही केलीस. वेगळं करायला जाऊ नकोस, दोन्हीची माती होईल. त्या मुलीला भेटलास का?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलास?"

परतीच्या वाटेवर मला त्यांचा रागच आला होता.

आखाजी झाली, लग्नही पार पडलं. मला बोलावणं नव्हतं, आणि नसणंच बरं होतं. त्यानंतर एका दुपारी मी गेलो. या वेळी गाडी नाल्यापाशी ठेवली नाही, सरळ गावात नेली. मोरीवर दोन माणसं बसली होती. एकानं बघितलं, एकानं नाही. कुणी अडवलं नाही. पण मोरी मागे पडेपर्यंत माझी पाठ ताठ होती.

तिनं खाट टाकली, पाणी दिलं, चहा केला. स्वतः उंबऱ्यात बसली. पलीकडे तिचा भाऊ बैलाला पाणी दाखवत होता. त्यानं मान हलवली, मीही हलवली.

"माझ्यावर राग आहे का?" मी विचारलं.

"येल शे," ती म्हणाली. "आतेबी शे."

"मग मी येऊ नको का?"

ती चिडलीच. "राग आहे म्हणून येऊ नका, असं कुठं म्हटलं मी?" मग चहाचा कप माझ्या हातातून घेत म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी प्रार्थना म्हटली असती, तर मी म्हटली नसती. हे मला नंतर कळलं. पण म्हणून तुमचा शब्द खरा ठरत नाही, फादर."

"नाही ठरत," मी म्हणालो.

आता ती मिस्सेला येते. ख्रिस्तप्रसाद घेते, माझ्याशी कामापुरतं बोलते. सामूहिक विनंत्यांच्या वेळी आमच्याकडे कुणीही उठून आपली प्रार्थना मोठ्यानं मांडू शकतं. पूर्वी ती कधी उठत नसे, आता उठते. मागच्या खेपेला तिनं भावाच्या बैलासाठी मागितलं, त्याचा पाय सुजला होता. लोक जरा हसले. मी वेदीपाशी उभा राहून सगळ्यांबरोबर 'प्रभू, आमची विनंती ऐक' असं उत्तर दिलं, या वेळी मोठ्यानं.