यंत्र थंड आहे

उमरी स्टेशनावर हैदराबादची गाडी दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात बापूंनी फलाटावरून, खिडकीतूनच माझी तोंडी परीक्षा घेतली. बापू म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. "स्वीडनला जाऊन काय करणार ते एका वाक्यात सांग. गावाला सांगावं लागंल मला."

मी म्हटलं, आभाळातून मिलिमीटरभर लांबीच्या, अगदी क्षीण लहरी येतात. त्या पकडायचं यंत्र बनवणार.

"म्हंजे रेडिओच की रे!"

माझी बॅग बर्थखाली सारत असलेली अक्का, माझी थोरली बहीण, तिथूनच म्हणाली, "मंग नांदेडात दुकान टाकायचं. व्हिसा कशाला पायजे?" तिघंही हसलो. गाडी हलली, अक्का घाईनं उतरली. रडायला कुणाला वेळच मिळाला नाही. 'गुरुजींचा दिगू तिकडं रेडिओ दुरुस्त करून राहिला' हे मात्र गावात कायमचं झालं.

ते फारसं चूकही नव्हतं. आमचा रिसीव्हर उणे दोनशे एकोणसत्तर अंशांवर चालतो. कारण यंत्र गरम असलं की त्याची स्वतःचीच खरखर एवढी असते की ताऱ्यांमधल्या वायूकडून आलेला इवलासा संदेश तिच्यात बुडून जातो. म्हणून तो पिंपासारख्या भांड्यात बंद करायचा, आतली हवा काढायची आणि ठक-ठक करणारा पंप अखंड चालू ठेवून दोन दिवस गार होऊ द्यायचा. गार झाला की मोजमापं संपेपर्यंत उघडायचा नाही, नाहीतर आठवडा वाया. त्यामुळं आमच्या लॅबमध्ये 'कोल्ड आहे' एवढं म्हटलं की पुढं कुणी काही विचारत नाही. वाढदिवस, निरोपसमारंभ, सगळ्यांतून त्या एका शब्दावर सुटका होते.

हा शब्द मी घरीही नेला. भाचीचं लातूरला लग्न होतं तेव्हा तो खरा होता. रिसीव्हर खरंच थंड होता, मी खरंच अडकलो होतो. बापू मांडवात सोयऱ्यांना समजावत फिरले म्हणे, "यंत्र थंड केलंय त्यानं. आता मामाला सोडता येत न्हाई." अक्कानं हे मला फोनवर हसत सांगितलं. मलाही बरं वाटलं. कारण सांगणं इतकं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि तिथंच मी बिघडलो.

चार वर्षांनी बापूंना नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं. अक्काचा फोन आला. "डॉक्टर म्हणून राहिले, ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. कवा येतूस?"

मी म्हणालो, "अक्का, यंत्र थंड आहे. आठ दिवस हलता येत नाही."

रिसीव्हर माझ्यासमोर टेबलावर उघडा पडला होता. केसाहून बारीक अशी एक सोन्याची तार आत सुटली होती, म्हणून कालच तो गरम करून खोलला होता. ती तार जोडायला माझ्याहून वीस वर्षांनी लहान सहकारी पुरेशी होती. माझ्यापेक्षा तिचा हात स्थिर. भीती तीच होती. सहा वर्षं खपून केलेलं यंत्र दुर्बिणीवर चढायच्या वेळी तिच्या हातात जाईल, आणि शोधनिबंधावर तिचं नाव माझ्या आधी येईल. मी नसतो तर काम अडलं नसतं. नाव अडलं असतं. पुढं कित्येक वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही.

अक्कानं फोन बापूंच्या कानाला लावला. त्यांना धाप लागली होती. "आज लई शांत हाय रे तुझ्याकडं," ते म्हणाले.

"दार लावलंय, बापू."

"बरं. जप यंत्राला."

पाचव्या दिवशी ते गेले. अग्नी अक्कानं दिला. निबंधावर माझं नाव पहिलं आहे.

गेल्या वर्षी उमरीच्या घरी अक्का तूर निवडत बसली होती, तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं सुपातून मान वर केली नाही. "हाव, ठाऊक हाय."

"कसं?"

"एरवी तुझा फोन आला की मागं त्या गार करायच्या पंपाचं ठक-ठक चालू राहतं. त्या दिवशी न्हवतं."

मला विचारवत नव्हतं, तरी विचारलं. "बापूंना?"

"फोन ठिवला आन् म्हणाले, पोरगं लाजून राहिलंय, त्याला काई विचारू नको. मंग नर्सपासून शेजारच्या खाटेपर्यंत सगळ्यांना सांगत बसले, पोराचं यंत्र थंड हाय म्हणून." खडा काढून तिनं अंगणात फेकला. "आता गावात खरं बोलून तू मोकळा व्हशील, आन् मेल्या माणसाला खोटं पाडशील. गप बस."

वर्षभर गप बसलो. दिवाळीत बाजारात बापूंचा एक जुना विद्यार्थी भेटला, आता स्वतःच आजोबा झालेला. हात जोडून म्हणाला, "गुरुजी शेवटपर्यंत सांगायचे, माझा दिगू हातचं काम सोडून येणारा न्हाई." मी मान हलवली. स्वीडनमध्ये मला इतक्या आदरानं कुणीच हात जोडत नाही.

माझ्यासारखे बाहेर गेलेले पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाजवळ असा एखादा शब्द असतो. तुमच्या घरच्यांनी त्यावर विश्वास ठेवला, असं समजू नका. त्यांनी तो चालवून घेतला. घर म्हणजे माझ्यासाठी आता तेवढं एकच ठिकाण, जिथं, मी जो कधी नव्हतोच, त्या माणसाचा मान घेऊन फिरतो. हे छापून आल्यावर तो मान घ्यावा लागणार नाही. अक्का रागावेल, आणि तिचं बरोबर आहे. आयुष्यभर मुलांना उत्तर पडताळून बघायला लावणारे बापू शेवटच्या पाच दिवसांत एकच खोटं बोलले, ते माझ्यासाठी. आणि ते उघडं पाडलं तेही मीच.