बाने तपासलेली पाटी

माझं शुद्धलेखन ज्याने तपासलं त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं, हे मी आजही मान ताठ करून सांगते. हसायचं त्याने खुशाल हसावं. तो माझा बा, सारसोळ्याच्या खाडीत जाळी लावणारा.

चौथीत माझं बाकी सगळं बरं होतं, शुद्धलेखनात मात्र सगळी बोंब. आत्याने घरी येऊन जाहीर करून टाकलं की पोरगी नापास झाली की सुकी मासळी विकायला आपल्याबरोबर येणार. आईनेही मान डोलावली. मला शाळा हवी होती, फार हवी होती. दुसऱ्या दिवशी बा एवढंच म्हणाला की पाटी घेऊन बस.

उधाणात खाडीच्या पाण्याला जोर असतो, तेव्हा बा घरी दिसायचाच नाही. दोन उधाणांच्या मधे भांग, म्हणजे पाणी मंदावलेले दिवस. तेव्हा तो ओटीवर जाळी सांधत बसायचा, आणि माझा अभ्यास त्या दिवसांत. मी पुस्तकातल्या चार ओळी मनात वाचायच्या, पुस्तक त्याच्याकडे द्यायचं आणि पाटीवर लिहून काढायच्या. मग त्याचं एक बोट पुस्तकावर, दुसरं पाटीवर, दोन्ही बरोबरीने सरकायची. कुठे वेलांटी आखूड पडली की बोट तिथेच थांबायचं. जाळं विणताना चुकलं तर तो वरून गाठ मारून वेळ मारून नेत नसे, चुकीपर्यंत उसवून पुन्हा विणायचा. मलाही तोच कायदा. एक शब्द चुकला की सगळी ओळ पुसायची. मी पाय आपटायची, रडायची, त्याच्यावर काही परिणाम नाही. मेला कसला तो धीर!

फसला तो एकदाच. पुस्तकावर माशीचा ठिपका पडला होता. बा म्हणाला, इथे टिंब आहे, तुझ्यात नाही. मी सांगून थकले, पण छापलेल्यापुढे माझं कोण ऐकतो? दिलं टिंब. शाळेत वहीतही तसंच लिहिलं, तर गुरुजींनी त्यावर हे भलंमोठं लाल वर्तुळ काढलं. घरी बाला वही दाखवताना मला हसू आवरेना. त्यानंतर प्रत्येक टिंब तो आधी नखाने खरवडून बघायचा. सुकवलेल्या मासळीच्या गावात माश्यांना काय तोटा! अख्ख्या पुस्तकावर त्याच्या नखाचे ओरखडे पडले.

परीक्षा आली ती नेमकी ऐन उधाणात. बा होडीवर गेलाच नाही. होडीतला भागीदार काका दारात येऊन नाही नाही ते बोलला, पोरीच्या पाटीपायी पाणी फुकट घालवतोस म्हणाला. बाने पाटीवरचं बोट उचललं नाही.

"उधान परत येल," तो म्हणाला. "हिची परीक्षा परत नाय."

मी पास झाले. शुद्धलेखनात एकही चूक नाही, असं गुरुजींनी वर्गात उभं करून सांगितलं. आत्याचा विषय मिटला, पाचवीत माझं नाव घालायचं ठरलं. घरी साखर वाटून झाली आणि बाने ते पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"यात लिवलंय काय, बाय?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वर्षभर त्याने त्या पुस्तकातला काना न् काना बोटाखालून घातला होता आणि आत काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. मी विचारलं, मग आधी का नाही विचारलंस? तर म्हणाला, तेव्हा तुझा वेळ गेला असता.

मला रडूच फुटलं. डोळे पुसून मी पहिला धडा मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर त्याने पान उलटलं, म्हणाला, पुढचा वाच.